चौतिसाव्या वर्षी ‘सिस्टर’ व्हायचंय?

सासूबाई दोन आठवडे रुग्णालयात होत्या. दहा वर्षं ऑफिसात हिशेब लिहिणारी सून रोज त्यांच्या उशाशी बसून सिस्टरांची धावपळ पाहत होती. घरी परतल्यावर एक विचार काही डोक्यातून जाईना : हे काम मला जमेल. पण वय चौतीस, मुलगा चौथीत. आता उशीर झाला का?

अशा मनःस्थितीतल्या प्रत्येकाने आधी नियम पाहावा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांनुसार एएनएम (२ वर्षे), जीएनएम (३ वर्षे) आणि बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षे) या अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी कमाल वय साधारण ३५ आहे. जीएनएमला विज्ञान शाखेची सक्ती नाही. बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी.ला मात्र भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवं, शिवाय सीईटी द्यावी लागते. म्हणजे चौतिशीत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं परवडणारं नाही. वय कोणत्या तारखेला मोजतात, हे माहितीपत्रकात आजच पाहा.

पस्तिशी उलटली असेल तर काही महिन्यांचे रुग्णसहायकाचे, म्हणजे जीडीएचे अभ्यासक्रम आहेत. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं हे काम मोलाचंच. पण त्यामुळे नर्स म्हणून नोंदणी होत नाही. तसं आश्वासन देणाऱ्या संस्थेला फी भरण्यापूर्वी तिची मान्यता राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे तपासा.

दुसरा प्रश्न शरीराचा. तासन्‌तास उभं राहणं, रुग्णाला उचलणं यात कंबर आणि गुडघे भरडतात. रात्रपाळीने झोपेचं घड्याळ बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्येही रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्ककारक’ गटात कायम ठेवलं. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, पाठदुखी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि घरच्यांना स्पष्ट विचारा : रात्रपाळीहून आल्यावर मला दिवसा सहा-सात तास निवांत झोपू द्याल का? तीन-चार वर्षं माझा पगार येणार नाही, ते झेपेल का?

या उत्तरांनंतरही ओढ कायम राहिली, तर वय हे भांडवलही ठरतं. घाबरलेल्या नातेवाइकाशी शांतपणे बोलणं, चिडचिड्या वृद्धाचं ऐकून घेणं हे संसारात मुरलेल्या माणसाला लवकर साधतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने जर्मनीत परिचर्येचं शिक्षण घेतलं ते वयाच्या ३१ व्या वर्षी. क्रिमियन युद्धातल्या जखमींच्या सेवेला ती पोचली, तेव्हा ती चौतीस वर्षांचीच होती.