रोमन न्यायसभेंतील वादी आणि प्रतिवादी

आपल्या द्राक्षाच्या वेली तोडल्या म्हणून एका रोमन गृहस्थानें फिर्याद केली. नुकसान खरें होतें. तरी तो हरला. कारण तो 'वेली' म्हणाला आणि कायद्याच्या पाठांत 'झाडें' असा शब्द होता. ही हकीकत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील गायस नांवाच्या कायदेपंडितानें नमूद केली आहे. वर्गांत पाठ म्हणतांना शब्द चुकला तर मुलास फार तर बांकावर उभें राहावें लागे. येथें दावाच बुडाला!

हा कायदा म्हणजे इ. स. पूर्व ४५१-४५० मधील 'बारा पत्रकें'. त्या काळीं समन्स घेऊन जाणारा सरकारी शिपाई नव्हता. वादीनेंच प्रतिवादीस हांक मारून न्यायसभेंत न्यावयाचें. तो येईना, तर साक्षीदार करून त्यास धरावें. तो आजारी किंवा वृद्ध असेल तर वाहन द्यावें. मात्र गाद्या घातलेली गाडी देण्याचें बंधन नाहीं! सूर्य मावळला कीं काम बंद. दोन्ही पक्ष शपथपूर्वक पैज लावीत. दावा हजार आस किंवा त्याहून अधिक किंमतीचा असल्यास पांचशें, नाहीं तर पन्नास. हरणाराची रक्कम सार्वजनिक खजिन्यांत जाई. वाद जमिनीचा असल्यास तींतील ढेंकूळ आणून त्यावर दोघेही आपापली काठी टेंकीत. काठी ही भाल्याची खूण. खरी मारामारी टळावी म्हणूनच तिचें हें नाटक योजिलें असावें, असें मला वाटतें.

या विधींचे शब्द आणि कोर्टाचे शुभाशुभ दिवस धर्माधिकाऱ्यांच्याच मुठींत असत. इ. स. पूर्व ३०४ मध्यें फ्लेव्हियस नांवाच्या एका लेखनिकानें ते लोकांपुढें उघड केले. तो एका गुलामगिरींतून मुक्त झालेल्या माणसाचा मुलगा होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें व्यापार वाढला, परदेशी लोक येऊं लागले, आणि त्यांच्यासाठीं इ. स. पूर्व २४२ च्या सुमारास दुसरा प्रेटर, म्हणजे न्यायाधिकारी, नेमण्यांत आला. हळूहळू पाठ म्हणण्याच्या जागीं प्रेटरनें मंजूर केलेला एक लेखी मसुदा आला. त्याची रचना किती सुटसुटीत होती पाहा: अमुक हा न्यायाधीश असावा, प्रतिवादी वादीस दहा हजार देणें लागतो असें दिसल्यास त्यानें तितकी रक्कम द्यावयास लावावी, न दिसल्यास त्यास मोकळें करावें. वादीनें ठकबाजी केली असेल, तर तें कलम प्रेटर मध्यें घालून देई. वेली कीं झाडें, हा तंटा आतां उरला नाहीं.

या मसुद्यांतील न्यायाधीश पगारी अंमलदार नसून एक प्रतिष्ठित नागरिक असे. ऑलस गेलियस या लेखकावर तरुणपणीं हें काम पडलें. पैसे मागणारा सचोटीचा, पण त्याजपाशीं कागद ना साक्षीदार. प्रतिवादी नामांकित लबाड. गेलियसनें पुष्कळ विचार केला, एका तत्त्वज्ञाचाही सल्ला घेतला, आणि शेवटीं 'मला उलगडा होत नाहीं' अशी शपथ घेऊन तो मोकळा झाला. त्या बिचाऱ्या सावकाराचें काय झालें कोण जाणे. परंतु शंका असतां निकाल न देण्याची मुभा मला मोलाची वाटते.

गायसचा ग्रंथ इ. स. १८१६ मध्यें व्हेरोना येथें नीबूर या इतिहासकारास सांपडला. जुनीं अक्षरें खरडून त्या चर्मपत्रांवर संत जेरोमचीं पत्रें लिहिलीं होतीं! तो सांपडला नसता तर वरील पुष्कळसा भाग आपणांस कळलाच नसता.

ऑगस्टसपासून सम्राटांचे अंमलदार स्वतःच दावे चालवूं लागले, आणि इ. स. ३४२ मध्यें जुने मसुदे कायद्यानेंच बंद झाले. आतां समन्स सरकारच्या अधिकारानें निघे, गैरहजर प्रतिवादीविरुद्ध निकाल होई, वर अपीलही करतां येई. बळकट प्रतिवादीस फरफटत नेणें ज्यास शक्य नव्हतें, त्या दुर्बळ वादीस हा मोठाच आधार. पण नागरिक न्यायाधीश गेला, आणि त्याच्या जागीं कचेरी आली. कचेरी आली कीं दस्तुरी आलीच. आफ्रिकेंतील तिमगाद येथें ज्यूलियन बादशहाच्या काळचा (इ. स. ३६१-३६३) एक शिलालेख सांपडला आहे. त्यांत कचेरीच्या माणसांनीं व वकिलांनीं किती घ्यावें याचा दर गव्हाच्या मापांत कोरलेला आहे: शिपाई शहरांतल्या शहरांत पाठवावयाचा तर पांच मापें, अंतर वाढेल तसतशीं अधिक, आणि समुद्र ओलांडावयाचा असल्यास शंभर.