माणसाची इच्छा स्वतंत्र आहे काय?

भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाजवळ पगारवाढीची किंवा बैठकीला येण्याची गोष्ट काढली, की एक उत्तर हमखास मिळते : ‘भाऊ, आपल्या हातात काय आहे?’ वर्षानुवर्षे हे उत्तर मी ऐकत आलो आहे. पुढे वाचनाचा नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांनी ज्यावर ग्रंथ लिहिले तो हाच प्रश्न. माणूस जे करतो ते स्वतःच्या इच्छेने करतो, की ती इच्छाही मागच्या कारणांनी आधीच घडवून ठेवलेली असते?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. दैववाद आणि नियतिवाद आपण एकच समजतो. दैववादी म्हणतो, कपाळी लिहिले ते होणारच. तुम्ही हातपाय हलवा अथवा हलवू नका. नियतिवादी असे म्हणत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की प्रत्येक गोष्टीला कारण असते, आणि तुमचा प्रयत्न हेही एक कारणच. धागा तुटला म्हणून माग थांबला. जोडला तर पुन्हा चालेल. यात दैव कुठे आले? अडचण निराळीच आहे. धागा जोडण्याची बुद्धी झाली तिलाही कारण होते, त्या कारणालाही कारण होते. ही साखळी मागे नेत गेले तर ‘मी केले’ म्हणायला जागा उरते कुठे?

मराठीत या कोड्याला भिडणारा मोठा ग्रंथ म्हणजे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे दहावे प्रकरण कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यावरच आहे. टिळकांनी कर्माची साखळी मान्य केली. मन, बुद्धी, वासना या प्रकृतीच्या, म्हणून बांधलेल्या. स्वातंत्र्य आहे ते देहातल्या आत्म्याला, आणि तो बुद्धीला सन्मार्गाची प्रेरणा देऊ शकतो, असा त्यांचा निर्वाह. ज्याला आत्मा मान्य नाही त्याला हे उत्तर पुरणार नाही. मला पुरत नाही. परंतु हे लिहिणारा मनुष्य मंडालेच्या तुरुंगात होता, हे विसरता येत नाही. आणि १९०८ च्या जुलैत त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता, वर्षाला एक दिवस या हिशेबाने.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. १९८३ साली अमेरिकेत बेंजामिन लिबेट यांनी काही माणसांना मनास येईल तेव्हा हात हलवायला सांगितले, आणि ‘आता हलवावा’ असे वाटले तो क्षण समोरच्या घड्याळावर पाहून ठेवायला सांगितले. मेंदूतली हालचाल हात हलण्यापूर्वी सुमारे अर्धा सेकंद सुरू होई. इच्छेची जाणीव मात्र सुमारे एक पंचमांश सेकंद आधी होई. म्हणजे मेंदू आधी निघाला, ‘मी’ मागून आलो! यावर पुष्कळांनी इच्छास्वातंत्र्य मेले असे जाहीर केले. खुद्द लिबेट तसे म्हणत नव्हते. निघालेली क्रिया अखेरच्या क्षणी थोपवण्याची मुभा मनाला असते, असे त्यांचे मत होते. पुढे २०१२ साली आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ती आधीची हालचाल म्हणजे निर्णयच असे धरण्याचे कारण नाही. मेंदूत चालू असणाऱ्या सहज चढउतारांचाही तो परिणाम असू शकेल. वाद मिटलेला नाही. माझी शंका वेगळी आहे. हात हलवण्यात त्या माणसांचे काही पणाला लागले नव्हते. जिथे पोट पणाला लागते, तिथल्या इच्छेचे काय?

तिथे आपल्याला कायदा भेटतो. १८७२ चा करारकायदा म्हणतो, करार खरा ठरायचा तर संमती स्वतंत्र पाहिजे. आता आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचे उदाहरण घ्या. डहाणू, उंबरगाव या भागांतला वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. कर्ज बहुधा फिटतच नसे, बायकोही राबे. त्याला लग्नगडी म्हणत. कुणी त्याला दोरीने बांधून आणला नव्हता. अंगठा त्यानेच उठवला होता. मग संमती स्वतंत्र होती काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याच जातीच्या प्रश्नाला उत्तर दिले. दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाचा आशय असा, की घटनेच्या २३ व्या कलमातली सक्ती म्हणजे केवळ काठीची सक्ती नव्हे. भूक आणि गरिबी माणसापुढे दुसरी वाट ठेवत नाही, तेव्हा तीही सक्तीच. किमान वेतनाहून कमी पैशांत घेतलेले काम म्हणून वेठबिगार ठरले. न्यायालयाने आत्मा शोधला नाही, मेंदू तपासला नाही. दुसरी वाट होती काय, एवढेच पाहिले. मला ही कसोटी कामाची वाटते.

दुसरी वाट मात्र आपोआप निघत नाही. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या शेजारी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे मूठभर वारली आले होते. पुढे गोदूताई आणि शामराव परुळेकर त्यांच्या गावांत गेले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करायची नाही असे ठरले. विचार करा : जमीनदार तेच, कर्ज तेच, भूक तीच. काल जो एकटा ‘हातात काय आहे’ म्हणत होता तो आज ‘येत नाही’ म्हणाला. नियतिवादी म्हणेल, त्यालाही कारण होते. सभा झाली, शेजारी उभा राहिला. खरे आहे. पण ते कारण माणसांनी निर्माण केले होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात वारली मारले गेले. तेव्हा ती वाट फुकट मिळालेली नव्हती.

येथे आम्हा चळवळीतल्या लोकांची एक लबाडी सांगितली पाहिजे. कामगार दारू प्याला तर आम्ही परिस्थितीला दोष देतो, मालकाने पगार कापला तर मालकाला. एकाला कारणांनी बांधलेला म्हणायचे आणि दुसऱ्याला पुरा स्वतंत्र! सुताच्या भावाने आणि व्यापाऱ्याच्या देण्याने मालकही बांधलेला असतो. चार मागांचा छोटा मालक तर फारच. तराजू एकच पाहिजे. त्या तराजूतही पारडी सारखी राहत नाहीत, हे मात्र खरे. ज्याच्यापुढे तीन वाटा आहेत आणि ज्याच्यापुढे एकच, त्यांना सारखा जाब विचारता येणार नाही.

या हिशेबात मला सर्वांत अवघड जातो तो संपफोड्या. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात घरात धान्य नाही, लेकरू आजारी आहे, आणि तो पहाटे तोंड चुकवून कारखान्यात शिरतो. दारावरची पोरे त्याला शिव्या घालतात. मी त्यांना एकच विचारतो : संपाच्या निधीतून त्याच्या घरी पीठ पोचले होते काय? पोचले असेल तर त्याला जाब विचारायला मी तुमच्याबरोबर येतो. नसेल, तर आधी पीठ पोचवा आणि मग त्याच्या दारी जाऊन विचारा.