पुन्हा सीटी कशाला?

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, इंदूरच्या एका रुग्णालयात काम करते. रेडिएशनला आपण किरणोपचार म्हणतो. आमच्याकडे बरेच जण 'सिकाई' म्हणतात. उपचारांच्या काळात तुम्हाला डॉक्टर भेटतात, मशीन चालवणारे टेक्नॉलॉजिस्ट रोज भेटतात. मी मात्र आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर असते. त्या खोलीत काय चालतं, ते आज सांगते.

घशाच्या कॅन्सरचे एक काका आमच्याकडे आले होते. त्यांचा मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, गेल्याच महिन्यात सीटी झाला. आता पुन्हा कशाला? आणि त्यानंतर आठवडाभर नुसतं थांबायचं?" पैसा जात होता, दिवस जात होते, घरात भीती होती. त्याचं विचारणं रास्तच होतं.

पहिला सीटी रोग शोधण्यासाठी होता. त्यात मान थोडी वळलेली असली तरी चालतं. उपचारात चालत नाही. काकांना 35 वेळा, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस धरून सात आठवडे, अगदी त्याच स्थितीत झोपायचं होतं. म्हणून आधी मास्क बनवतात. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत ते कडक होतं. मास्क घालून, उपचाराच्या टेबलासारख्याच सपाट टेबलावर नवा सीटी होतो. हा सीटी म्हणजे आमचा नकाशा.

सीटीमधल्या प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो. पाणी 0, हवा उणे 1000, हाड शून्याच्या बरंच वर. किरणं कुठे किती अडतील, हे कॉम्प्युटर या आकड्यांवरून मोजतो. पण जिभेच्या मुळाशी गाठ नेमकी कुठे संपते, हे सीटीत नेहमी स्पष्ट दिसत नाही. तिथे एमआरआय मदतीला येतो. पेट स्कॅन दाखवतो की कोणता भाग जास्त साखर खातोय. हे स्कॅन आम्ही सीटीवर जुळवून बसवतो.

मग डॉक्टर एकेका चकतीवर रेषा काढतात. आधी दिसणारी गाठ. तिच्याभोवती, न दिसणाऱ्या पेशी जिथे पसरल्या असू शकतात तो भाग. त्याबाहेर आणखी काही मिलिमीटर, कारण माणूस रोज केसभरही न हलता झोपत नाही. शिवाय जे वाचवायचं तेही आखतात: मज्जारज्जू, लाळेच्या ग्रंथी, जबडा.

आता माझं काम सुरू होतं. गाठीला 70 ग्रे द्यायचे, रोज 2 ग्रे. तिथून जवळच असलेल्या मज्जारज्जूला मात्र साधारण 45 ग्रेच्या आत ठेवायचं. लाळेच्या ग्रंथींना जास्त मात्रा गेली, तर तोंड कायमचं कोरडं पडू शकतं, भाकरीचा घास उतरत नाही. त्यामुळे प्लॅन पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. डॉक्टरांनी तो मंजूर केला की रुग्णाऐवजी मोजमापाच्या उपकरणावर किरणं सोडून तपासतो. थांबण्याचा तो आठवडा यात जातो.

उपचार सुरू झाल्यावरही नकाशा पडताळावा लागतो. मशीनवरच छोटा सीटी घेऊन आम्ही तो मूळ सीटीशी जुळवतो. चौथ्या आठवड्यात काकांचं वजन उतरलं होतं. मास्क सैल झाला होता आणि चित्रांत गालाची कड आत सरकलेली दिसत होती. शरीर बदललं, की जुना नकाशा चुकतो. मी डॉक्टरांना दाखवलं. नवा मास्क, नवा सीटी, नवा प्लॅन ठरला. या वेळी मुलानेच विचारलं, "मॅडम, सीटीला किती वाजता आणू?"

तुमच्या घरात कुणाचे किरणोपचार चालू असतील, तर एवढं लक्षात ठेवा. मास्क सैल किंवा घट्ट वाटला, तर त्याच दिवशी सांगा. अंगावर खुणा केल्या असतील, तर विचारल्याशिवाय पुसू नका. गिळणं अवघड झालं, तर लपवू नका. आहारतज्ज्ञांना भेटा, वजन सांभाळा. आणि मधले दिवस आपल्या मनाने चुकवू नका.

पुन्हा सीटी सांगितला, तर 'का' असं जरूर विचारा. त्याचं उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.