नव्या चुंबकाची घडण व ग्राफीन

चुंबकाच्या पाठात पट्टी-चुंबक व नाल-चुंबक दाखविण्याचा प्रघात आहे. परंतु विजेच्या मोटारींत व पवनचक्क्यांत आज पुष्कळदा जो प्रबळ चुंबक असतो, तो निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा बनलेला असतो. निओडिमियम हा विरल मृत्तिका गटातील धातू होय. जपानमधील मासातो सागावा व अमेरिकेतील जॉन क्रोट यांनी १९८३ साली हा चुंबक स्वतंत्रपणे जगापुढे मांडला.

त्याची घडण अशी : मिश्रधातू वितळवून, थंड करून त्याची अतिसूक्ष्म भुकटी करतात. तिचा कण मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या ते तीनशेव्या भागाएवढा असतो. ही भुकटी साच्यात घालून प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवली म्हणजे सर्व कण एकाच दिशेस वळतात. मग ती दाबून, हवा वर्ज्य करून, १,००० ते १,१०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात व कण एकजीव होतात. प्रत्येक कणाभोवती निओडिमियमने समृद्ध असा पातळ थर राहतो. उष्णतेत चुंबकत्व टिकण्यास या थराचे मोठे साहाय्य होते.

येथेच कार्बनाचा प्रश्न उद्भवतो. कण एकमेकांवर घासून अडू नयेत म्हणून भुकटीत वंगण घालतात. ते तापविण्यापूर्वी पूर्ण निघून गेले नाही, तर उरलेला कार्बन निओडिमियमशी संयोग पावतो, तो थर क्षीण होतो व चुंबक दुबळा बनतो.

ग्राफीन हाही कार्बनच होय. मात्र तो एका अणूच्या जाडीचा पापुद्रा असतो. मँचेस्टर येथे आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटापासून तो सुटा केला. त्याबद्दल त्यांना २०१० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो अत्यल्प प्रमाणात मिसळून तापविताना कणांची वाढ आवरण्याचे प्रयोग झाले आहेत. हा चुंबक दमट हवेत लवकर गंजतो. म्हणून त्यावरील लेपात ग्राफीनचे पापुद्रे कौलांप्रमाणे एकावर एक बसवितात व ओलाव्याची वाट लांबवितात. मात्र लेपास चीर पडल्यास वीजवाहक ग्राफीनमुळे गंज वाढण्याचाही संभव असतो. तात्पर्य, पदार्थाचा गुण वा दोष तो कोठे व किती आहे यावर अवलंबून असतो.

वर्गात शिसपेन्सिलीने कागद गडद रंगवून त्यावर बोट फिरविण्यास सांगावे. ग्राफाइटाचे थर सहज घसरतात, हे मुलांना स्वतः अनुभवता येईल. नंतर शिक्षकांनी चुंबकित सुई चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवावी. तिचे चुंबकत्व नाहीसे झालेले दिसेल.

एक दक्षता अवश्य बाळगावी. खेळण्यांतील लहान प्रबळ चुंबक मुलांच्या हाती देऊ नयेत. असे दोन चुंबक गिळले गेल्यास ते आतड्यांच्या भिंती मध्ये धरून एकमेकांस चिकटतात व जीवास धोका संभवतो. तशी शंका येताच मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.