वाढत्या मापाचा जोडा

जून महिन्यात शाळा उघडावयाच्या सुमारास लासलगावच्या बाजारपेठेत जोड्यांच्या दुकानांपुढे पालक व पाल्य यांची एकच गर्दी उसळते. कांद्याचा पैसा हाती आलेला असो वा नसो, दुकानदाराजवळ होणारी मागणी बहुधा ठरलेली असते : "वाढत्या मापाचा द्या, म्हणजे पुढल्या वर्षीही चालेल." सदऱ्याच्या बाबतीत हे धोरण शहाणपणाचे खरे. सदरा सैल झाला तर फार तर चार मुले हसतील. पण जोडा सैल झाला तर मुलाची चाल बिघडते.

मनुष्यशरीरातील २०६ अस्थींपैकी ५२, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक, केवळ दोन पावलांत असतात. लहान मुलाच्या पावलाचा पुष्कळ भाग अद्यापि मऊ कूर्चेच्या स्वरूपात असून तो पुरता कठीण होण्यास पौगंडावस्था उजाडावी लागते. असे कोवळे पाऊल तंग जोड्यात दाबले गेले तरी मोठ्या माणसाच्या पावलाइतके दुखत नाही; ते निमूटपणे जोड्याचाच आकार घेऊ लागते. म्हणून मूल तक्रार करीत नाही एवढ्यावरून जोडा बरोबर बसतो असे समजू नये. उलटपक्षी फार मोठ्या जोड्यात टाच पावलागणिक वर उचलली जाते, जोडा धरून ठेवण्याकरिता बोटे आत वळतात आणि ठेच लागण्याचा संभव वाढतो.

मग मुलांनी अनवाणीच का हिंडू नये? हा प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. कर्नाटकातील मणिपाल येथील डॉ. उदय भास्कर राव व डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण शेकडा ८.६, तर न वापरणाऱ्यांत अवघे २.८ आढळले. त्यातही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक, आणि चप्पल किंवा सँडल घालणाऱ्यांत त्याहून कमी होते. तळव्याची कमान बालपणी हळूहळू घडत असते (तान्ह्या मुलाचा तळवा सपाटच असावयाचा, मातांनी त्याचा घोर लावून घेऊ नये). बोटांना व स्नायूंना मोकळेपणी काम करावयास मिळाले तर ती अधिक चांगली घडते, असा या निष्कर्षांचा आशय आम्हास दिसतो.

परंतु उघड्या पायाला आपल्या भागात शत्रूही थोडे नाहीत. बाभळीचा काटा आहे, गंजका खिळा आहे, आणि या सर्वांहून कपटी असा अंकुशकृमी आहे. उघड्यावरील मलाने दूषित झालेल्या ओलसर मातीत त्याच्या सूक्ष्म अळ्या वाढतात, पायाची कातडी भेदून आत शिरतात, रक्तावाटे फुप्फुसांत व तेथून घशावाटे आतड्यात जाऊन रक्त शोषू लागतात. मूल फिकट पडते, वर्गात पेंगते, आणि आम्ही शिक्षक त्यास आळशी म्हणून मोकळे होतो! हा कातडीवाटे होणारा प्रवेश आर्थर लूस या जर्मन संशोधकास मोठ्या चमत्कारिक रीतीने कळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे प्रयोग करीत असता अळ्यांचे पाणी त्याच्या हातावर सांडले, तेथे खाज सुटली, आणि कालांतराने त्याच्याच मलात कृमीची अंडी सापडली. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना गोळी दिली जाते. गोळीने आतील कृमी मरतात. नव्या कृमींची वाट मात्र अडत नाही. आईबापांबरोबर कांद्याच्या ओल्या वाफ्यांत उतरणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

तेव्हा पायाचे रक्षण व्हावे आणि पायास मोकळीकही मिळावी, अशी मधली वाट शोधणे प्राप्त आहे. नित्याच्या वापरास आमची पसंती सपाट तळाच्या, मागे पट्टा असलेल्या आणि बोटांपाशी ऐसपैस सँडलला आहे. तिचा तळ बोटांच्या मुळाशी सहज वाकावा, मध्यभागी मात्र वाकू नये.

रुंदीकडे तर आपले मुळीच लक्ष नसते. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या वतीने २०२१ च्या डिसेंबरापासून २०२२ च्या मार्चपर्यंत ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजण्यात आली, आणि ती युरोपीय पावलांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. आपण विलायती मापाचे अरुंद जोडे घेतो आणि रुंदी साधावी म्हणून लांबी वाढवीत जातो! भारतीय पावलांकरिता 'भा' नावाची निराळी मापपद्धती २०२४ साली सुचविण्यात आली ती याच कारणास्तव.

घरी माप घेणे सोपे आहे. पाऊल सायंकाळी किंचित फुगते, म्हणून त्या वेळी मुलास पुठ्ठ्यावर उभे करून दोन्ही पावलांच्या कडा पेन्सिलीने रेखाव्यात व मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अर्धा इंच जागा असावी. शालेय वयात पाऊल वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक नंबर, वाढते. अर्धा इंच जागा सोडलेला जोडा वर्षाचा बहुतेक काळ निभावतो, आणि दोन नंबर मोठा घेण्याचे कारणच उरत नाही.

आता जोडा कशाचा असावा? कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात, आणि ती खिळ्यावाचून चामड्याच्याच वादीने शिवतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. झिजून टाकली तरी ती मातीस जड होत नाही. याउलट क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याने पाणी व जमीन नासू शकते. तामिळनाडूतील चर्मोद्योगाने केलेल्या प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयास १९९६ साली कठोर निर्णय द्यावा लागला. प्लॅस्टिकचा जोडा स्वस्त खरा, पण तो कुजत नाही, आणि पुष्कळ जोड्यांत असणारे पीव्हीसी जाळले असता विषारी वायू सुटतो. जुनी चप्पल बंबात वा चुलीत घालणाऱ्यांनी हे विसरू नये. तथापि कोल्हापुरीचा अभिमान बाळगूनही आम्ही ती निफाड तालुक्याच्या काळ्या चिखलात मुलास घाला असे म्हणणार नाही. ओलीने तिचे कातडे बिघडते, आणि टाचेस पट्टा नसल्याने धावत्या मुलास ती सांभाळता येत नाही. पावसाळ्यात रबरी सँडलच बरी.

गणवेषातील बंद काळ्या बुटाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, आणि ते शाळेच्याच वार्षिकात लिहिण्यास आम्हास संकोच वाटत नाही. भर पावसाळ्यात ओल्या पायमोज्यांनिशी सहा तास बसलेल्या मुलाच्या बोटांत चिखल्या होणारच. निदान जून ते सप्टेंबर सँडलची मुभा असावी. ती नसेल तेथे बूट घरी येताच त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाऱ्यावर वाळवावेत.

थोरल्याचा जोडा धाकट्यास द्यावा की नाही, असे पालक आम्हास विचारतात. पट्ट्याची सँडल असेल, तिचा तळ एका अंगाने झिजलेला नसेल आणि माप जुळत असेल, तर खुशाल द्यावी. आधी चर्मकाराकडून टाके घालून घ्यावेत. थोरल्याच्या पावलाने आकार घेतलेला बंद बूट मात्र देऊ नये.