आधी कान, मग बोल

बाळ पहिला शब्द बोलते तो दिवस आईवडील सहसा विसरत नाहीत. ते 'बाबा' म्हणाले की 'मामा', यावरून घरात थोडा गोड वादही होतो. परंतु हा शब्द एकाएकी येत नाही. त्यामागे जवळजवळ वर्षभराची तयारी असते, आणि ती जिभेपेक्षा कानाची अधिक असते. ही गोष्ट प्रत्येक पालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

मूल जन्मापूर्वीच ऐकू लागते. जन्मानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत ते आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखते, हे डीकॅस्पर व फायफर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८० साली प्रयोगाने दाखवले. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळ हुंकार देते. सहा-सात महिन्यांचे झाले की 'बाबाबा', 'मामामा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ सुरू होते. यातली 'म', 'ब', 'प' ही अक्षरे नुसते ओठ मिटून उघडले की होतात, म्हणून ती सोपी. जगातील अनेक भाषांत आईवडिलांना 'मामा', 'पापा' यांसारखीच हाक का असते, याचा उलगडा रोमान याकोबसन या भाषापंडिताने याच आधारावर केला. आपल्याकडेही बाबा, मामा, काका, दादा ही नाती जणू बाळाच्या सोयीनेच ठेवली आहेत. मात्र नुसती माळ म्हणजे शब्द नव्हे. कामावरून आलेल्या वडिलांकडे पाहून बाळ 'बाबा' म्हणते, तेव्हा तो शब्द होतो. बहुधा हे वर्षाच्या आसपास घडते; कोणाचे दोन-तीन महिने अलीकडे, कोणाचे पलीकडे.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे व इतर कारखान्यांमुळे प्रांतोप्रांतीचे कामगार आले. बदलापूरलाही आता तीच स्थिती आहे. त्यामुळे घरात मराठी, शेजारी सिंधी आणि दुकानात हिंदी असे येथील मुलाच्या कानावर पडते. याने मूल गोंधळेल व उशिरा बोलेल, अशी भीती अनेकांना वाटते. तिला आधार नाही. १९८४ साली वर्कर व टीस यांनी कॅनडात एक प्रयोग केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत तो कळेनासा झाला. म्हणजे जे कानावर पडते तेवढेच कान राखून ठेवतो. सिंधीत श्वास आत ओढून काढायचे काही उच्चार आहेत. ते मोठेपणी आपल्याला साधत नाहीत. सिंधी मूल ते मांडीवरच शिकते.

म्हणून जी भाषा आपल्याला मनापासून येते, तीतच बाळाशी बोलावे. मोडक्या इंग्रजीसाठी ती सोडू नये. मोबाईल हातात देऊन हे काम होत नाही. बाळाने हुंकार दिला की थांबून उत्तर द्यावे. बोलणे असेच देवाणघेवाणीतून येते.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? जे कानात गेले नाही ते तोंडातून कसे येईल? ऐकू न येणारे मूलही सुरुवातीला हुंकार देते, हसते, म्हणून घरची माणसे फसतात. 'जीभ जड आहे', 'याचा बापही उशिराच बोलला', असे म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि भाषा शिकण्याचा सर्वात चांगला काळ तोच असतो. ताट वाजवून पाहणे ही खरी परीक्षा नव्हे, कारण मूल हादऱ्यानेही वळते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नसेल, दहा-अकरा महिने होऊनही अक्षरांची माळ नसेल, वर्षाचे होऊन नावाला ओ देत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांत 'बाबा आले' असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. 'ओएई' व 'बेरा' या तपासण्या तान्ह्या बाळाचीही झोपेत होतात. त्यात दुखत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच झाली. त्याचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा ही शंका जरूर सांगावी. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे; लोकलने दादरला उतरून गाडी बदलली की वांद्रे गाठता येते. दोष निघाला तरी धीर सोडू नये. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट जितक्या लवकर, तितका उपयोग अधिक. खुणांची भाषा हीसुद्धा पुरी भाषा आहे, आणि बाळाचा पहिला शब्द हातांनीही उमटू शकतो.

तपासणीसाठी एक रजा गेली, एक खाडा पडला, तरी पडू द्यावा. कान चांगले निघाले तर आनंदच आहे. नसतील तर मुलाची दोन वर्षे वाचतील.