आंब्याची कलमे : स्वस्तात घ्या, पण पारखून घ्या

मृगाचा पाऊस पडला की आठवडी बाजारात आंब्याच्या कलमांनी भरलेले टेम्पो येऊन उभे राहतात. रोपवाटिकेपेक्षा भाव कमी असतो, कलमे हिरवीगार दिसतात आणि हात आपोआप खिशाकडे जातो. माझ्या वडिलांनीही एका वर्षी अशीच केसरची म्हणून चाळीस कलमे घेतली होती. सहाव्या वर्षी फळ लागले तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक झाडे रायवळ निघाली. कलमामागे तीस रुपये वाचले असे धरले तरी चाळीस कलमांत वाचले बाराशे रुपये. त्यासाठी सहा वर्षांचे पाणी, खत आणि राखण वाया गेली. ज्वारीचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो, आंब्याचे कलम फसले तर उमेदीची वर्षे जातात. म्हणून कमी खर्चात खात्रीची कलमे कशी मिळवावीत, याची माहिती येथे दिली आहे.

जात हवामान पाहून निवडावी

हापूस हा कोकणच्या दमट हवेत रमणारा आंबा आहे. घाटमाथ्याच्या पूर्वेस कोरड्या हवामानात त्याला नियमित आणि भरपूर फळे लागत नाहीत. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागासाठी केसर ही जात अधिक भरवशाची ठरली आहे. ही जात मूळची सौराष्ट्रातील जुनागढ भागातील असून तेथील हवाही आपल्यासारखीच कोरडी आहे. कोकणात हापूसची बाग लावताना मात्र परागीकरणासाठी इतर जातींची सुमारे १० टक्के झाडे लावावीत.

कलम कोठून घ्यावे

लहान कलमाच्या पानांवरून जात ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. त्यामुळे खरी पारख पानांची नसून मातृवृक्षाची असते. एप्रिल-मे महिन्यांत, झाडावर फळ असताना रोपवाटिकेस भेट द्यावी आणि काड्या कोणत्या झाडांवरून घेतात ते पाहावे. मातृवृक्ष दाखविण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून कलम घेऊ नये. कृषी विद्यापीठांची फळ संशोधन केंद्रे, शासकीय फळरोपवाटिका व परवानाधारक खाजगी रोपवाटिका येथूनच खरेदी करावी. पावतीवर जातीचे नाव, कलमांची संख्या, तारीख व परवाना क्रमांक लिहून घ्यावा. अनुदानाच्या फळबाग योजनेत भाग घ्यावयाचा असल्यास मान्य रोपवाटिकांची यादी कृषी विभागाकडून आधीच पाहून घ्यावी.

कलम कसे पारखावे

१) जोड नीट पाहावा. पाचरीची खूण स्पष्ट दिसावी आणि खुंट व काडी जवळजवळ सारख्या जाडीची असावीत. जोड हलका दाबला असता हलू नये.

२) पालवी जोडाच्या वरून फुटलेली असावी. काही वेळा वरची काडी मरते आणि खुंटाचाच फुटवा वाढतो. बाहेरून ते कलम वाटले तरी ते रायवळच असते. बाजारातील फसवणूक बहुधा येथेच होते.

३) जोडाच्या वर किमान एकदोन वेळा पालवी येऊन पक्व झालेली असावी.

४) पिशवीतील माती घट्ट असावी. पिशवी फुटून मुळे जमिनीत शिरलेली असतील तर ती उचलताना तुटतात.

मोठे कलम म्हणजे चांगले कलम नव्हे

पुरुषभर उंचीचे कलम जास्त किमतीला विकले जाते. परंतु लहान पिशवीत तीनचार वर्षे राहिलेल्या कलमाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालून बसते. असे झाड जमिनीत लावल्यावर मुळे खोल जात नाहीत आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात ते मान टाकते. एक वर्षाचे, गुडघ्याएवढे निरोगी कोय कलम स्वस्त पडते, वाहतुकीत कमी मोडते आणि लवकर जम धरते. तेव्हा उंचीचे पैसे देऊ नयेत.

सर्वांत स्वस्त मार्ग : जागेवरच कलम

कोरडवाहू शेतकऱ्यांनी या पद्धतीचा जरूर विचार करावा. उन्हाळ्यात १ मीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते चांगली माती व शेणखताने भरावेत. जून-जुलैमध्ये प्रत्येक खड्ड्यात गावरान आंब्याच्या तीनचार ताज्या कोयी लावाव्यात. कोयीची उगवणशक्ती लवकर कमी होते, म्हणून त्या साठवून ठेवू नयेत. पुढील पावसाळ्यात खुंटाला तांबूस कोवळी फूट आली की त्यावर मृदकाष्ठ कलम करावे.

काडी खात्रीच्या झाडाची, तीनचार महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची व डोळा फुगलेली असावी. काडी कापण्यापूर्वी ८ ते १० दिवस अगोदर तिची पाने देठ ठेवून छाटावीत. जोड प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावा.

या पद्धतीत सोटमूळ कधीच दुखावत नाही. ते सरळ खोल जाते आणि झाड पाण्याचा ताण सोसते. खर्च काय तो कलम बांधणाऱ्या माळ्याच्या मजुरीचा. मात्र एक वर्ष उशीर होतो आणि शेळ्यांपासून रोपे जपावी लागतात, हेही लक्षात ठेवावे. माळी हातखंडा असलेलाच बोलवावा.

लागवडीनंतर

विकत आणलेले कलम लावताना जोड जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी. जोड भरून आल्यावर प्लॅस्टिकची पट्टी कापून टाकावी, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाखालील फुटवे दिसताच काढावेत. काठीचा आधार द्यावा. पहिली दोन वर्षे हिवाळ्यातील कडाका व उन्हाळ्यातील झळा यांपासून गवताची सावली करावी. पहिली तीनचार वर्षे आलेला मोहोर खुडून टाकावा, म्हणजे झाडाचा सांगाडा मजबूत होतो.

१० × १० मीटर अंतरावर एकरी ४० झाडे बसतात. चाळीस कलमे एकेक करून पारखण्यास फार तर एक सकाळ लागते. नातवंडांनी ज्या झाडाखाली बसायचे, त्यासाठी एवढी सकाळ खर्ची घालण्यास हरकत नसावी.